आधी जागा सांगा, मग फिल्म बघा : न्यूरॉलॉजी रेसिडेन्सीतले राऊंड आणि कॉन्फरन्स

मुक्काम_मिडवेस्ट

परवा गप्पांच्या पानावर कुणीतरी विचारलं होतं, "रेसिडेन्सी म्हणजे शिकणं की राबणं?" तिथे उत्तर लिहायला बसलो आणि ते मारुतीच्या शेपटासारखं वाढत गेलं, म्हणून वेगळा धागा.

मी अमेरिकेत न्यूरॉलॉजीची रेसिडेन्सी (डॉक्टर झाल्यावर हॉस्पिटलात काम करत घ्यायचं तज्ज्ञाचं शिक्षण) करतोय, तिसरं वर्ष चालू आहे. इथे एकूण चार वर्षं. पहिलं मुख्यतः जनरल मेडिसिनचं, पुढची तीन मेंदू, मज्जारज्जू, नसा आणि स्नायूंची. (आपल्याकडे एमबीबीएसवर तीन वर्षं एमडी आणि त्यावर तीन वर्षं डीएम. माझे वर्गमित्र अजून रांगेत आहेत आणि त्याबद्दल ते मला माफ करत नाहीत.) आठवड्याला सरासरी ८० तासांच्या वर काम करायचं नाही, असा २००३ पासूनचा नियम आहे. त्या ८० तासांत पेशंट, फोन, नोट्स, आणि उरल्यासुरल्या फटीत शिकवणं.

सकाळी सातला रात्रपाळीवाल्याकडून पेशंट ताब्यात घ्यायचे. साडेसातला मॉर्निंग रिपोर्ट, म्हणजे रात्री आलेल्यांपैकी एक केस सगळ्यांसमोर मांडायची. मग दुपारपर्यंत राऊंड. बाराला नून कॉन्फरन्स, जिथे जेवण फुकट असतं आणि म्हणूनच हजेरी चांगली असते. पहिला घास तोंडात गेला की पेजर वाजतो, हा निसर्गनियम. आठवड्यातून एकदा ग्रँड राऊंड्स. पूर्वी यात खरोखर पेशंटला सभागृहात आणून सगळ्यांसमोर तपासत. आता बाहेरगावचा पाहुणा येतो आणि साठ स्लाइड दाखवून जातो. नाव तेवढं 'राऊंड' राहिलंय. जर्नल क्लबबद्दल (एखादा नवा शोधनिबंध वाचून सगळ्यांनी चर्चा करायची) काही लिहीत नाही. निबंध वाचलेला एकच जण असतो, तोही गोषवाऱ्यापुरता.

मला खरं लिहायचंय ते मॉर्निंग रिपोर्टबद्दल. आमच्याकडे एक म्हातारे सर आहेत. खोलीत आले की ते आधी कॉम्प्युटरचा माऊस ओढून स्वतःच्या तळहाताखाली धरून बसतात. एमआरआय दाखवायचा नाही. केस ऐकायची, तपासणीत काय सापडलं ते ऐकायचं, आणि खोलीतल्या प्रत्येकाने घाव कुठे आहे ते सांगायचं. "बहुतेक स्ट्रोक असेल" चालत नाही, कारण तो 'काय'चा प्रश्न झाला. आधी 'कुठे'. डावा की उजवा, वरचा थर की आत खोल, मेंदू की मज्जारज्जू की नस. सगळ्यांची उत्तरं फळ्यावर चढली की मगच माऊस सुटतो.

गेल्या महिन्यातली माझी केस सांगतो (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). नातवाला बघायला भारतातून आलेल्या एक आजी. सकाळी चहाचा कप उजव्या हातातून निसटला, तोंड वाकडं झालं, बोलणं बंद. दीड तासात हॉस्पिटलात पोचल्या म्हणून गुठळी विरघळवणारं औषध मिळालं. फोनवरच्या दुभाष्याने हिंदीत प्रश्न विचारायला सुरुवात केली तेव्हा आजी नुसत्या बघत होत्या. आडनाव वाचून मी फोन बाजूला ठेवला आणि म्हटलं, "आजी, त्रास होतोय का कुठे?" त्यांनी माझा हात घट्ट धरला.

डोळे मिटा म्हटलं की मिटत. डावा हात वर करा म्हटलं की करत. समजत होतं सगळं. पेन दाखवला तर "ते... ते..." आणि डोळ्यांत पाणी. मग काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, "बे एके बे." आणि आजी सुरू. बे दुणे चार, बे त्रिक सहा, तिथून थेट बे दाहे वीस, कुठेही न अडखळता, लहानपणीच्या हेलात. संपल्यावर परत "ते... ते..." पाठ असलेलं, सवयीचं बोलणं वाचाघातातही असं शाबूत राहू शकतं, हे पुस्तकात वाचलं होतं. पण ते बेच्या पाढ्याच्या रूपात समोर येईल असं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी ही केस फार ऐटीत मांडली. पाढ्याचा किस्सा सांगितला, सगळे खूश. सरांनी विचारलं, "रिपीटिशन?" म्हणजे मी बोललेलं वाक्य आजी जसंच्या तसं परत म्हणू शकतात का. मी तपासलंच नव्हतं. इंग्रजीत त्यासाठी ठरलेलं वाक्य आहे, 'नो इफ्स, ॲन्ड्स ऑर बट्स'. मराठीत काय म्हणायचं ते मला माहीत नव्हतं, म्हणून पाढ्यावर भागवलं होतं.

हे का महत्त्वाचं, तर बोलण्याचा मुख्य रस्ता मेंदूच्या डाव्या बाजूच्या मोठ्या फटीच्या कडेकडेने जातो. घाव त्या रस्त्यावर असेल तर ऐकलेलं वाक्य परत म्हणता येत नाही. रस्त्याच्या बाहेर असेल तर माणूस स्वतःहून बोलू शकत नाही, पण तुम्ही म्हटलेलं मात्र घडाघडा म्हणून दाखवतो. सर म्हणाले, "मग तुझी जागा ठरलेली नाही," आणि माऊस काही सोडला नाही. मी वर गेलो आणि सुचेल ते वाक्य दिलं, "आज बाहेर खूप पाऊस पडतोय." आजींना 'आज'च्या पुढे जाता आलं नाही. बाराला पिझ्झ्याचा तुकडा हातात धरून ते सांगितलं, तेव्हा कुठे फिल्म उघडली. डाव्या कपाळाच्या मागे, फटीला लागून, जिथे असायला हवा होता तिथेच घाव.

दोन प्रश्न. तुमच्याकडे हे कसं चालतं किंवा चालायचं? आणि मराठीत रिपीटिशनसाठी कोणतं वाक्य वापरता?

वाफाळता

मस्त लिहिलंय. ८० तासांची मर्यादा वाचून इथल्या किती डॉक्टरांना ठसका लागला असेल?

डॉ_हातोडी

वाफाळता, आमच्या रेसिडेंटचे ८० तास गुरुवारीच पूर्ण होतात. :)

मी मुंबईत पालिकेच्या हॉस्पिटलात डीएम केलं, त्याला आता पंधरा वर्षं होतील. फुकट जेवण वगैरे नव्हतं. ओपीडी संपली की कॅन्टीनचा वडापाव आणि मग सेमिनार. राऊंड मात्र दणदणीत. पुढे मॅडम, मागे लेक्चरर, मग आम्ही, मग एमडीची पोरं, शेवटी इंटर्न हातात केसपेपर घेऊन. फायरिंग भरपूर. प्लँटर (तळवा खरवडून पायाची बोटं कुठे वळतात ते बघायचं) नीट काढला नाही म्हणून मला एकदा त्याच पेशंटच्या तळव्यावर, वॉर्डच्या मध्यभागी, पाच वेळा काढायला लावला होता. पेशंटच शेवटी म्हणाला, "असू द्या हो मॅडम, शिकतोय तो."

फिल्म लपवण्याचा प्रकार आमच्याकडेही होता, पण माऊस नव्हता. फिल्मचं पाकीट नातेवाईक गादीखाली ठेवायचे. राऊंडच्या आधी रेसिडेंट गुपचूप गादी उचलून बघून ठेवायचा आणि मग मॅडमपुढे विचार करत असल्याचा आव आणून अचूक जागा सांगायचा. मॅडमना ते कळायचं. मग त्या विचारायच्या, "छान. आता मला सांग, हे तू कोणत्या खुणेवरून म्हणतोस?" तिथे पोरगं गार.

आपल्या गावचं एक सांगायला हवं. जेजेचे डॉ. नोशीर वाडिया यांनी १९७१ साली सहकाऱ्याबरोबर एका आनुवंशिक आजाराचं वर्णन केलं. तोल जाणारे पेशंट, आणि एका बाजूकडून दुसरीकडे बघताना डोळे झटकन उडी मारण्याऐवजी संथपणे सरकत जातात. एमआरआय तेव्हा जगात कुठेच नव्हता. आजाराची जनुकीय ओळख फार नंतर पटली. "माझ्या बोटाकडे बघा, आता नाकाकडे बघा" एवढ्यावर ते सापडलं होतं.

तिरकस

सगळं छान आहे, पण एक शंका. स्ट्रोकमध्ये दर मिनिटाला १९ लाख पेशी मरतात असं तुम्हीच लोक व्हॉट्सॲपवर पाठवता. आणि इथे सर माऊस दाबून कोडी घालत बसलेत?

मुक्काम_मिडवेस्ट

तिरकस, रास्त शंका. आजी दारातून आत आल्यापासून काही मिनिटांत त्यांचा सीटी झाला होता. तिथे कुणीही कोडी घालत नाही, घातली तर मी पहिला ओरडेन. कोडं दुसऱ्या दिवशीच्या खोलीतलं, उपचार करून झाल्यानंतरचं. एमआरआय रात्रीच झाला होता आणि मी तो बघितलाही होता. त्यामुळेच तर मी बेसावध होतो. उत्तर माहीत असल्यावर तपासणीतली भोकं दिसत नाहीत.

ड्युटी_सिस्टर

मी बावीस वर्षं वॉर्डात आहे. तुमचे राऊंड आम्ही खाटेच्या दुसऱ्या बाजूने बघतो, म्हणून लिहिते.

दहाची औषधं आणि नळीचं फीड नेमकं तुमच्या राऊंडच्या वेळी असतं. पंधरा जण खाटेभोवती उभे, आम्हाला आत शिरायला वाट नाही. नातेवाईकांना बाहेर काढलेलं असतं. अर्धा तास इंग्रजीत चर्चा होते, मग सगळे पुढच्या खाटेकडे. नातेवाईक आत येतात आणि पहिला प्रश्न मला, "सिस्टर, काय म्हणाले?" मी काय सांगणार, मी तर फीड घेऊन दाराशी उभी होते.

आणि अजून एक. एखादा पेशंट पाण्याचा घोट घेतला की ठसकतो, पण जेली नीट गिळतो, हे मला आणि मावशींना पहिल्या दिवशी कळलेलं असतं. चार दिवसांनी तुमच्या राऊंडला ते 'सापडतं'. कुणी विचारलं तर सांगू ना आम्ही.

लंडनची_सर

सिस्टर, तुमच्यासाठी एक गोष्ट. इथे लंडनमध्ये क्वीन स्क्वेअरला न्यूरॉलॉजीचं जुनं हॉस्पिटल आहे, १८५९ चं. न्यूरॉलॉजीवाले जो लांब दांडीचा, पुढे गोल चकतीचा हातोडा वापरतात त्याला 'क्वीन स्क्वेअर हातोडा' म्हणतात. तो कुणा प्रोफेसरने नाही शोधला. तिथल्या विंटल नावाच्या सिस्टरने केला. पितळी चाक, त्याभोवती बायकांच्या तपासणी विभागातली रबरी पेसरीची (गर्भाशय खाली सरकू नये म्हणून बसवतात ती) रिंग, आणि बांबूची दांडी. ती हे हातोडे बनवून शिकाऊ डॉक्टरांना विकायची.

ड्युटी_सिस्टर

विकायची! हुशार बाई.

रेवती_केळकर

मी डॉक्टर नाही. लिहू की नको असा दोन दिवस विचार केला.

माझे बाबा अशाच एका मीटिंगमध्ये 'केस' होते. शहर आणि हॉस्पिटल सांगत नाही. त्यांना पाय जड होण्याचा आजार होता, निदान होत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, मोठे तज्ज्ञ येणार आहेत, सगळे मिळून बघतील. आम्हाला आनंदच झाला. प्रत्यक्षात एका हॉलमध्ये चाळीसेक लोक बसलेले, बाबांना मागून बंद बांधलेला गाऊन घालून मध्ये उभं केलं. चालून दाखवा. टाचेवर चाला. आता डोळे मिटून. गाऊन मागून उघडा पडत होता आणि ते एका हाताने तो धरून चालत होते. कुणीतरी म्हणालं, हात सोडा, हाताची हालचाल बघायचीय.

मग ते सगळे इंग्रजीत बोलू लागले. अमुक डीजनरेटिव्ह आहे, तमुक वर्षांत व्हीलचेअर, त्यावर इलाज नाही. माझे बाबा ३४ वर्षं पोस्टात होते. रोज सकाळी इंग्रजी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचे. त्यांना तिथे, चाळीस लोकांसमोर, गाऊन धरून उभं असताना कळलं.

घरी येताना रिक्षात ते एवढंच म्हणाले, "उच्चार बरे होते त्या पोराचे."

निदान बरोबर निघालं, हे खरं. पण धाग्यात सगळे 'केस' म्हणतायत, म्हणून सांगितलं.

मुक्काम_मिडवेस्ट

रेवतीताई, लिहिलंत हे बरं केलंत. मी वर 'माझी केस ऐटीत मांडली' असं लिहिलंय. ते आता वाचवत नाहीये, पण खोडत नाही.

नानाकाका

या सगळ्याचं मूळ पॅरिसला आहे. साल्पेत्रिएर हॉस्पिटलात शार्को नावाचे डॉक्टर होते. १८८२ साली त्यांच्यासाठी मज्जासंस्थेच्या आजारांचं खास अध्यासन निघालं. ते शुक्रवारी तयारीने व्याख्यान देत. पण मंगळवारी वेगळाच प्रकार. बाह्यरुग्ण विभागातून आयता आलेला, आधी न पाहिलेला पेशंट सगळ्यांसमोर तपासायचा आणि विचार मोठ्याने करायचा. चुकले तर सगळ्यांसमोर चुकले. मला त्या मंगळवारांचं फार कौतुक आहे. शिकवणारा स्वतः चाचपडतोय हे शिकणाऱ्याला दिसणं, याहून चांगला धडा मला माझ्या उभ्या शिक्षकी आयुष्यात देता आला नाही. मी गणित शिकवायचो, उत्तर आधी पाठ करून.

पण रेवती म्हणते तेही तिथूनच आलेलं. ब्रुइये या चित्रकाराचं १८८७ चं मोठं चित्र आहे, शार्कोंच्या वर्गाचं. हिस्टेरियाची पेशंट ब्लांश विटमन मागे कलंडलेली, पोलकं खांद्यावरून उतरलेलं, तिला मागून धरलेला तरुण डॉक्टर म्हणजे बाबिन्स्की (तळव्याची खूण ज्याच्या नावाने ओळखतात तोच), आणि समोर कोट घातलेल्या पुरुषांची गर्दी. सगळे टक लावून बघतायत. तिच्याशी कुणीही बोलत नाहीये.

बोका_शास्त्री

वाचतोय. नानाकाका, चित्र शोधून पाहिलं. अंगावर आलं.

डॉ_हातोडी

रेवती, आमच्याकडूनही असं झालेलं आहे. समर्थन नाही.

याच अंगाने एक जुनी केस सांगतो, आधी कोडं म्हणून. पावसाळ्याचे दिवस. तिशीचा धडधाकट माणूस, रात्री जेवून नीट झोपला. पहाटे चारला पोटात जोरात कळ येऊन उठला, एक उलटी झाली. सहापर्यंत दोन्ही पापण्या मिटायला लागल्या, आवाज नाकातून यायला लागला, थुंकी गिळता येईना. आठला मान धरेना. शुद्ध पूर्ण. ताप नाही. चिमटा काढला तर नीट कळतो. अंगावर सूज नाही, जखम नाही. आधी जागा, मग कारण. गूगल करायचं नाही.

बोका_शास्त्री

मेंदूच्या देठात स्ट्रोक?

मुक्काम_मिडवेस्ट

दोन्ही बाजू सारख्याच, शुद्ध पूर्ण, संवेदना शाबूत. देठात घाव असता तर एवढा सरळ वागला नसता. माझी जागा : नस आणि स्नायू जिथे जुळतात तो सांधा. कारण : मायस्थेनिया (याच सांध्याचा, स्नायू लवकर थकवणारा आजार) एका रात्रीत असा कोसळणं कठीण. बोट्युलिझम (बिघडलेल्या अन्नातून होणारी विषबाधा)? डबाबंद काही खाल्लं होतं का? किंवा पापण्यांपासून सुरू होणारा जीबीएसचा (गियाँ-बारे सिंड्रोम, शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर उलटते तो आजार) प्रकार. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएसची साथ आली तेव्हापासून आम्ही इथेही तो आधी आठवतो. पण चार तासांत मान टाकणं जीबीएसलाही घाईचं आहे.

आंबेराई

मी शेती करतो, रायगडात. एक विचारू का? तो खाली झोपला होता का?

डॉ_हातोडी

आंबेराई, तुम्ही डीएम पास.

आंबेराई

अहो त्यात काय. पहाटे पोटात दुखलं आणि डोळे मिटायला लागले की आमच्याकडे पहिलं अंथरूण झटकतात. मण्यार. चावल्याचं कळतही नाही माणसाला, मुंगी चावली असेल म्हणून कूस बदलून झोपतो. आमच्या बाजूला महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचू आणि सापाच्या बाबतीत लोकांना एवढं शहाणं केलंय की मांत्रिकाकडे जाणारे कमी झाले. खाट घ्यायची ऐपत नसली तरी मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपा, एवढं तरी करा म्हणतो मी सगळ्यांना.

मुक्काम_मिडवेस्ट

मी इथे आल्यापासून एकही सर्पदंश पाहिला नाही, आणि कोकणात वाढलोय. मान खाली घालून बसलोय.

डॉ_हातोडी

मण्यारच. दात बारीक, खूण बहुधा दिसत नाही, सूज येत नाही. विष नसेच्या टोकावर काम करतं, निरोप स्नायूपर्यंत पोचतच नाही. प्रतिविष दिलं, पण नसेची टोकं एकदा निकामी झाली की ती पूर्ववत व्हायला दिवस जातात, तोवर श्वासाला व्हेंटिलेटर. दुसऱ्या दिवशी तो पूर्ण लुळा होता. पापणी हलेना, बुबुळं मोठी झालेली, उजेडाला दाद नाही. नवख्या रेसिडेंटने नोटमध्ये लिहिलं, 'मेंदू मृत असण्याची शक्यता.'

राऊंडला मॅडमनी ते वाचलं, काही बोलल्या नाहीत. त्या वाकल्या आणि त्याच्या कानाशी नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "भाऊ, तुम्हाला ऐकू येतंय हे आम्हाला माहीत आहे. सापाच्या विषाने अंग हलत नाहीये. ते उतरणार आहे. घाबरू नका." मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, आता या खाटेशी जे बोलायचं ते त्यांच्यासमोर बोलता येईल असंच बोला.

सहाव्या दिवशी बोटं हलली. नळी काढल्यावर त्याने त्या रेसिडेंटकडे बोट दाखवून सांगितलं, "हे रात्री फोनवर सासूबद्दल काय काय बोलत होते." रेसिडेंट मीच.

ड्युटी_सिस्टर

डॉक्टर!!! हसून हसून पुरेवाट. पण मॅडमना दंडवत.

फॉर्मॅलिन

न्यूरोपॅथॉलॉजीकडून एक पुरवणी. माऊसखालची फिल्म उघडली तरी ते शेवटचं उत्तर नसतं. शेवटचं उत्तर आमच्या टेबलावर. मेंदू फॉर्मॅलिनमध्ये दोनेक आठवडे ठेवला की घट्ट होतो, ताज्या मेंदूला सुरी लावली तर तो मऊ पनीरसारखा बसतो. मग साधारण सेंटिमीटरभर जाडीचे काप, ओळीने मांडलेले. रेसिडेंटने आधी आजाराचा इतिहास वाचायचा, घाव कुठे सापडेल ते सांगायचं, मगच मी पहिला काप उलटवतो. तीच शिस्त. हल्ली शवविच्छेदनं कमी झाल्याने ही सत्रंही आटत चाललीत. बेंगळुरूला निम्हान्समध्ये मेंदूंचं संग्रहालय आहे, सामान्य माणसालाही मेंदू हातात घेऊन बघता येतो. मुलांना घेऊन जा. वास डोक्यात बसतो, पण जा.

तिरकस

आजींसाठीच्या वाक्याचं काय झालं? 'कच्चा पापड पक्का पापड' घ्या की.

डॉ_हातोडी

नाही चालणार. पापडाने जिभेची कसरत कळते, म्हणजे उच्चाराचे स्नायू नीट चालतात का ते. दारू प्यायलेला माणूसही पापडाला अडखळतो, पण त्याची भाषा शाबूत असते. इथे भाषा तपासायचीय. त्या इंग्रजी वाक्याची खुबी अशी की त्यात चित्र डोळ्यांसमोर येईल असा एकही शब्द नाही. नुसते वाक्यं जोडणारे शब्द. अर्थाचा आधार मिळत नाही म्हणून ते अवघड. तुझ्या 'पाऊस पडतोय'मध्ये पाऊस दिसतो, त्यामुळे ते सोपं. त्यातही आजी अडल्या, म्हणजे घाव चांगलाच रस्त्यावर होता.

नानाकाका

मग "जर-तर, पण-परंतु काही नको." आमच्या वर्गात गृहपाठाची कारणं सांगणाऱ्याला मी हेच म्हणायचो.

डॉ_हातोडी

नानाकाका! हे उद्यापासून माझ्या ओपीडीत.

रेवती_केळकर

+१. आणि आजी कशा आहेत, ते कुणी विचारलंच नाही.

मुक्काम_मिडवेस्ट

रेवतीताई, सांगणारच होतो, त्यांच्या पुढच्या तपासणीची वाट बघत होतो. ती आज झाली.

चालत आल्या, लेकीचा हात धरून. उजव्या हाताने पर्स धरली होती, थोडी घसरत होती. सरही होते खोलीत. तपासण्याआधी मी आजींना मराठीत सांगितलं की हे माझे सर, आणि मी आता तुम्हाला काय काय करायला लावणार आहे, आणि कशासाठी. नंतर सरांना इंग्रजीत तेच. उलट क्रमाने करायची सवय आहे, त्यामुळे जरा अडखळलो.

पेन दाखवला. बराच वेळ गेला, मग "पेन." घड्याळ, "घ... वेळ." मग म्हटलं, आजी, मी म्हणतो तसंच म्हणा : जर-तर, पण-परंतु काही नको.

"जर..." थांबल्या. "जर... पण... नको." परत सुरुवात केली, परत तिथेच. तिसऱ्यांदा वैतागून हात झटकला आणि म्हणाल्या, "नको. काही नको. चहा."

लेक हसायला लागली. सरांनी विचारलं काय म्हणाल्या, मी सांगितलं. नोटमध्ये लिहिलं : रिपीटिशन अजून बिघडलेलं, पण सुधारणा आहे. चहा इथे मशीनचा मिळतो, तो आणून दिला. एक घोट घेतला आणि कप माझ्याकडे परत केला.